मुंज्याला कुठल्या कपाटात ठेवायचं?

संपादक महाशय,
स. न. वि. वि.

उन्हाळ्याची सुट्टी तोंडावर आली की वृत्तपत्रांच्या पुरवण्यांमधून मुलांसाठी पुस्तकांच्या याद्या येऊ लागतात. बारा वर्षांपर्यंतच्या मुलांची त्यात बरी सोय असते. त्यापुढे थेट थोरांची चरित्रं आणि पुढेमागे स्पर्धा परीक्षेला उपयोगी पडेल असं काहीबाही. मधल्या, म्हणजे सातवी ते बारावीच्या मुलामुलींना ज्याची सगळ्यांत जास्त ओढ असते, ते भुताखेतांचं, अतर्क्याचं वाङ्मय यादीत जवळपास नसतंच. वाचनालयांतही त्याला धड जागा नाही. बालविभागात गेलं तर तिथलं भूत शेवटच्या पानावर पांढरी चादर पांघरलेला चोर निघतं. मोठ्यांच्या गूढकथांकडे वळावं तर तिथे वासना, वेड आणि संसारात मुरलेले सूड. पंधरा वर्षांच्या वाचकाचं स्वतःचं असं दोन्हीकडे काही नसतं. अमेरिकेतल्या ग्रंथपालांच्या संघटनेनं या वयासाठी १९५७ सालीच वेगळा विभाग काढला. त्यांच्या हिशेबी हा वाचक १२ ते १८ वर्षांचा. आपल्याकडे इंग्रजी वाचणारी मुलं त्याच कपाटातली पुस्तकं वाचतात आणि मराठी वाचणारी मोबाइलवरच्या भयकथा ऐकत बसतात.

हे वाङ्मय आवडण्याचं कारण भीती आहे, असं मोठी माणसं धरून चालतात. भीती वीसेक पानं पुरते. तीनशे पानांची पुस्तकं ही मुलं रात्री जागून संपवतात ती त्यातल्या माणसांसाठी. आता ‘माणसांसाठी’ यात भूतही आलं. भुताला काही हवं असतं, त्याला कशाची तरी लाज वाटते, कुणावर तरी राग असतो, आणि नेमकी तशीच काहीतरी गाठ नायिकेच्या मनात असते. ही गाठ जुळली की पुस्तक हातातून सुटत नाही.

पुस्तक निवडणाऱ्याला आणि लिहिणाऱ्यालाही एक कसोटी लावता येते. कथेतून भूत काढून टाका आणि बघा, नायक किंवा नायिकेपुढे काही पेच उरतो का. उरत नसेल तर तो गच्चीवर सांगायचा किस्सा आहे, पाच पानांत आटपावा. मग उलट करून बघा. तेच भूत दुसऱ्या कुणाच्या वाट्याला घातलं तरी कथा जशीच्या तशी चालते का? चालत असेल तर भूत भाड्याचं आहे. समजा, दहावीनंतर घरच्यांनी सायन्सला ढकललेला मुलगा आहे. आपल्याला कुठं जायचंय हे त्याला ठाऊक नाही आणि विचारायचं धैर्य नाही. अशा मुलाला रात्री बांधावर चकवा लागतो. फिरून फिरून तीच बाभूळ. बरोबरचा मित्र सरळ घरी पोचतो, हा पोचत नाही. चकवा लागला तर जागीच बसावं आणि उजाडायची वाट पाहावी, हा गावाकडचा जुना सल्ला. पण या मुलाला नेमकं तेच जमत नाही, कारण थांबलं की मागे पडलो असं त्याला शिकवलेलं आहे. इथे चकवा आणि मुलगा वेगळे काढता येत नाहीत.

आता मुंजा घेऊ. कुमार वाचकांसाठी याहून चांगलं पात्र लोकसमजुतीत शोधून सापडणार नाही, आणि आपण ते ‘पिंपळावरचा मुंजा’ एवढ्या दोन शब्दांत संपवून टाकलं आहे. मुंज झालेली पण सोडमुंज, म्हणजे ब्रह्मचर्य संपवणारा विधी, न झालेली अशा अवस्थेत गेलेला ब्राह्मण मुलगा म्हणजे मुंजा. म्हणजे तो स्वतःच आठ ते सोळाच्या दरम्यानचा. मूल म्हणून त्याचे लाड संपले आणि मोठा म्हणून कुणी त्याला मोजलं नाही. कुमारवय म्हणतात ते आणखी काय असतं? लोककथांत त्याला बहुतेक लग्न हवं असतं. २०२४ साली हिंदी पडद्यावर आला तोही लग्नाच्याच मागे लागलेला. आमच्या मते लेखकानं लग्न सोडून द्यावं आणि मुंजीच्या विधींकडे नीट पाहावं. तिथे मातृभोजन आहे. बटूनं आईच्या पानात, आईबरोबर जेवायचं ते शेवटचं जेवण. पंगतीला अष्टवर्गाचे, म्हणजे मुंज झालेले पण लग्न न झालेले, आठ मुलगे बसतात. त्यानंतर मेखला, पळसाचा दंड, आणि मग आईपुढेच झोळी पसरून ‘भवति भिक्षां देहि’. अर्ध्या दिवसात आईच्या ताटातून उठून तो तिच्या दाराशी उभा राहतो.

यातून प्रसंग आपोआप उभा राहतो. चौदा वर्षांच्या मुलीच्या धाकट्या भावाची मुंज आहे, मंगल कार्यालयात. पानं मांडायचं काम तिच्याकडे. आठ मुलगे म्हणून ती आठ पानं मांडते; वाढणारा म्हणतो, एक कमी पडतंय. ती मोजते तर नऊ डोकी. नववा मुलगा लंगोटीत आहे, बाकीच्यांनी सोवळ्याखाली हाफ पँट घातली आहे. तो स्वतःच्या पानाकडे बघतच नाही. तिची आई भावाला भरवतेय त्या घासाकडे बघतोय. जेवणं उरकल्यावर नवव्या पानातला भात तसाच, फक्त तुपाची वाटी निपटलेली. इथे किंकाळी नाही, रक्त नाही, तरी वाचक पान उलटणार, कारण त्या मुलीलाही भाऊ झाल्यापासून आईच्या ताटात जागा उरलेली नाही. तिला मुंजा दिसतो तो यामुळे. बाकी कुणाला दिसत नाही तेही यामुळेच.

पात्र ठरलं की नियम ठरवायचे. तीन पुरे, पाचच्या वर तर नकोतच. वरच्या मुंज्यासाठी उदाहरणार्थ: तो फक्त घरच्या पंगतीत येऊ शकतो, हॉटेलात नाही, तो ज्या साली गेला त्यापुढचं त्याला काही कळत नाही, आणि त्याला वाढणाऱ्या माणसाला दर खेपेस स्वतःची एक आठवण गमवावी लागते. तिसरा नियम सगळ्यांत महत्त्वाचा. पलीकडच्या जगाशी व्यवहार फुकट झाला की कथेतला जीव गेलाच म्हणून समजा. किंमत पैशात किंवा रक्तात नको, पात्राला प्रिय असलेल्या गोष्टीत हवी. पहिला नियम पहिल्या तीस पानांत घडून दिसला पाहिजे, आजोबांच्या तोंडून समजावून सांगितलेला नको. आणि शेवटी पेच सुटायचा तो याच नियमांतल्या एखाद्या फटीतून. शेवटच्या दहा पानांत आयत्या वेळी नवा अंगारा, नवा ताईत किंवा हिमालयातून आलेला साधू काढला की वाचकाला फसवल्यासारखं वाटतं. तेरा वर्षांची मुलं याबाबत मोठ्यांपेक्षा कडक असतात. ती क्रिकेटचे नियम पाठ म्हणणारी मुलं आहेत.

मराठी हस्तलिखितांत वारंवार बिघडतं ते कुठे, तेही सांगायला हवं. एक तर मांत्रिक. कुमार नायक दोनशे पानं धडपडतो आणि शेवटी पन्नाशीचा मांत्रिक येऊन सगळं मिटवतो. म्हणजे मूल कर्तं राहिलंच नाही, वाचकही नाही. मांत्रिक असूच नये असं नाही. त्यानं चुकीचा सल्ला द्यावा, किंवा खरा सल्ला देऊन पुढचं काम मुलांवर सोडावं. दुसरं म्हणजे ‘ते स्वप्न होतं’. याबद्दल जास्त बोलायला नको. तिसरं, भुताचा आवाज. ‘हीऽ हीऽ हीऽ’ आणि नाकातून बोलणं वाचून आठवीतली मुलं हसतात. चौथं, मुलांची भाषा. कादंबरीतला अकरावीचा मुलगा मित्राला ‘अरे मित्रा, मला फार भय वाटते आहे’ असं सांगत असेल तर भूत यायच्या आधीच पुस्तक मिटलं जातं. मुलं प्रत्यक्षात भीती कबूल करतच नाहीत. ती विनोद करतात, शिव्या हासडतात किंवा गप्प होतात, आणि लेखकानं यातलं काय कुणाच्या वाट्याला द्यायचं यावरूनच पात्रं वेगळी होतात.

मोबाइलचाही प्रश्न असतोच. बहुतेक लेखक तिसऱ्या प्रकरणात बॅटरी संपवतात किंवा रेंज घालवतात. एकदा चालतं. त्यापेक्षा मोबाइल चालू ठेवावा आणि निरुपयोगी करावा. चकवा लागलेल्या मुलाच्या नकाशावर निळा ठिपका सरळ घराकडे सरकत राहतो आणि पाय मात्र त्याच बाभळीला वळसा घालतात. घरी आई तोच ठिपका बघून निर्धास्त. बंद पडलेल्या मोबाइलपेक्षा हे कितीतरी जास्त भेडसावतं.

प्रेमाचा भाग मात्र जपून वाचायला आणि लिहायला हवा. २००५ साली अमेरिकेत आलेल्या एका व्हॅम्पायर-प्रेमकादंबरीनं या प्रकाराला जगभर बाजारपेठ मिळवून दिली. तिचं बळ नायिकेच्या आवाजात होतं: साधी, अडखळणारी, वडिलांकडे राहायला आलेली मुलगी स्वतःच सांगते आहे. ते बळ मान्य करूनही तिची खोट दिसतेच. नायिका सतराची, नायक दिसायला सतराचा, जन्म मात्र १९०१ सालचा. ती झोपलेली असताना तो तिच्या खोलीत येऊन रात्रभर बघत बसतो आणि हे प्रेमाचं लक्षण म्हणून येतं. पुढे कित्येकांनी हीच गोष्ट उचलली. अमर पात्र आणि कोवळी नायिका यांच्यात वयाचं, माहितीचं आणि ताकदीचं जे अंतर असतं, ते कादंबरीनं ओळखलं आहे की नाही, एवढं बघावं. नायिकेला ‘नाही’ म्हणता येतं का आणि म्हटल्यावर ते पाळलं जातं का? हे सापडलं तर प्रेम कितीही असू द्या.

त्याहून गंभीर बाब आत्महत्येची. निकालानंतर किंवा प्रेमभंगानंतर जीव दिलेल्या मुलीचं भूत, आणि मग तिनं एकेकाचा घेतलेला सूड, हा साचा नवोदितांच्या लिखाणात फार येतो. यातून मरणानं ताकद येते, मेल्यावर सगळ्यांना चूक कळते, असा निरोप नकळत जातो, तोही नेमका त्या वयाच्या वाचकाला. संपादकानं इथे हात आखडू नये. जिवंतपणी न मिळालेलं तिला मेल्यावर मिळता कामा नये. पद्धतीचं वर्णन नको. आणि कथेत तिच्यामागे राहिलेलं एखादं माणूस, मैत्रीण किंवा भाऊ, पुरेसं मोठं असावं. अशी कथा वर्ज्य नाही, पण ती पंधरा वर्षांच्या वरच्यांसाठी ठेवावी.

साहित्य कुठून आणायचं, असं लिहिणारे विचारतात. कोकणातल्या समजुतींचा आर. ई. एन्थोव्हेन यांनी संपादित केलेला इंग्रजी संग्रह १९१५ साली निघाला. त्याची मूळ टिपणं जमवली होती नाशिकचे कलेक्टर जॅक्सन यांनी. होय, तेच, ज्यांना २१ डिसेंबर १९०९ रोजी विजयानंद नाट्यगृहात अनंत कान्हेऱ्यांनी गोळ्या घातल्या. माहिती पुरवली गावोगावच्या शाळामास्तरांनी, आणि कुठली समजूत कुठल्या गावची हे तळटिपांत दिलेलं आहे. लेखकाला याचा उपयोग मोठा, कारण भूत गावागणिक बदलतं. सिंधुदुर्ग आणि गोव्यातला देवचार तर धड भूतही नव्हे, सीमेचा राखणदार आहे: हातात काठी, खांद्यावर घोंगडी, वाट चुकलेल्याला घरापर्यंत पोचवणारा आणि मान न दिल्यास रुसणारा. त्याच पट्ट्यात वेताळाला चामड्याच्या वहाणा वाहतात, कारण तो रात्री गावाभोवती फिरतो आणि त्या झिजतात. झिजलेल्या वहाणांचा हा तपशील एखाद्या चर्मकाराच्या मुलाच्या नजरेतून बघा. वर्षानुवर्षं आपल्या बापानं शिवलेल्या वहाणा कोण झिजवतं, हे बघायला तो एका रात्री देवळामागे लपतो. कादंबरी तिथे सुरू होते.

मात्र लोकसमजुती जशाच्या तशा उचलू नयेत. आपल्या भुतांना जात आहे, धर्म आहे. समंध आणि ब्रह्मराक्षस ब्राह्मणांचे, खवीस बहुतेक परधर्मीयाचा आणि म्हणून जास्त क्रूर. बाळंतपणात दगावलेली बाई हडळ होते आणि गावाला तिची भीती वाटते. ती का दगावली हे गाव विचारत नाही. आजची नववीतली मुलगी पहिला प्रश्न तोच विचारते. त्या प्रश्नाला पुस्तकात जागा ठेवली तर हडळ हे मराठीतलं सर्वांत जबरदस्त स्त्रीपात्र होऊ शकतं. नाही ठेवली तर उलटी पावलं आणि मोकळे केस एवढंच उरतं.

यावर हमखास येणारा आक्षेप अंधश्रद्धेचा. आक्षेप घेणाऱ्यांबद्दल आदर ठेवूनच सांगतो की गल्लत होते आहे. २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा माणसांनी माणसांवर केलेल्या कृत्यांबद्दल आहे. भूत उतरवण्याच्या नावाखाली बांधून ठेवणं, मारहाण, मिरचीची धुरी, छताला टांगणं, हे त्याच्या अनुसूचीत सुरुवातीलाच येतं. कादंबरीला लावायची कसोटीही तिथूनच घ्यावी. पुस्तकात कुणाला धुरी दिली जाते का, आणि लेखक कुणाच्या बाजूनं उभा आहे? धुरी देणाऱ्याच्या बाजूनं असेल तर पुस्तक नाकारा, मग शेवटी भूत खोटं निघालं तरी. कथेपुरतं भूत खरं मानण्याचा करार मात्र तेराव्या वर्षी मुलांना पुरेपूर कळतो; रामायणातला उडणारा मारुती त्यांना आधीच भेटलेला असतो.

प्रकाशकांसाठी थोडा हिशेब. या वयाची पहिली मराठी कादंबरी चाळीस हजार शब्दांच्या आसपास असावी. डेमी आकारात, पानाला सुमारे तीनशे शब्द धरले तर मजकुराची १३४ पानं, पुढची-मागची धरून १४४. म्हणजे सोळा पानी नऊ फर्मे, कागद वाया न जाता. अक्षर बारा पॉइंटच्या खाली नको. प्रकरणं दोन हजार शब्दांची, वीसेक. मुखपृष्ठावर कवटी, घुबड आणि रक्ताचे थेंब घातलेलं पुस्तक आईवडील हातात घेऊ देत नाहीत आणि मुलगे-मुली बालिश म्हणून घेत नाहीत. पात्राचा चेहरा हवा. मालिका काढायची असेल तर निदान पहिल्या भागातला मुख्य पेच तिथेच सुटू द्या. पुढच्या भागाचं आमिष म्हणून शेवटचं पान अर्धवट तोडणं हा लुच्चेपणा आहे.

वाचनालयांनी फार काही करायला नको. बालविभाग आणि खुला विभाग यांच्यामध्ये एक कप्पा मोकळा करावा, दाखल नोंदवहीत आणि पुस्तकाच्या कण्यावर ‘कुमार’ अशी खूण करावी, आणि बाल सभासदाला बाराव्या वर्षानंतर त्या कप्प्यातलं पुस्तक न विचारता नेऊ द्यावं. खरेदी समितीला अख्खं पुस्तक वाचायला वेळ नसतो, हे माहीत आहे. त्यांनी पहिलं प्रकरण, तिसाव्या पानाच्या आसपासची चार पानं आणि शेवटची दहा वाचावीत. पहिल्यात माणूस दिसतो का, मधल्यांत नियम दिसतो का, शेवटच्यांत निर्णय कोण घेतं. बारा ते चौदा आणि पंधरा ते सतरा असे दोन रंगांचे ठिपके लावले तर पालकांचे निम्मे प्रश्न काउंटरवरच मिटतात.

आता आपल्याकडे एक मागणं. दिवाळी अंकांतल्या दीड हजार शब्दांच्या भयकथेत पात्राला श्वास घ्यायला जागा नसते. रविवार पुरवणीत सुट्टीच्या काळात आठ आठवडे, दर आठवड्याला नऊशे शब्द, अशी एक कुमार गूढकादंबरिका क्रमशः छापावी. प्रत्येक भागाचा शेवट किंचाळीवर न करता कुणीतरी घेतलेल्या निर्णयावर करावा, म्हणजे मुलं पुढच्या रविवारपर्यंत त्या निर्णयावर भांडतील. नवोदितांकडून पूर्ण आठही भाग एकदम मागवा, पहिल्या भागावर निवड करू नका. सुरुवात चांगली आणि शेवट मांत्रिकाच्या हाती, असा अनुभव फार येतो. मजकूर फेब्रुवारीअखेर हाती आला तर संपादन, चित्रं आणि मुद्रितशोधन आटोपून एप्रिलच्या तिसऱ्या रविवारी पहिला भाग लागू शकेल.

आपले,
कुमार वाचकांसाठी पुस्तकं निवडणारे काही ग्रंथपाल आणि संपादक, पुणे